आधी काय झालं ते सांग

आमच्या सरांसमोर 'म्हणून' हा शब्द जपून वापरावा लागे. "पाय घसरला म्हणून पडलो" एवढं साधं वाक्य कुणी बोललं तरी ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "कावून घसरला?" चिखल होता म्हणून. "चिखल सगळ्या गावाला व्हता. तूच कावून पडला?" असं चार पायऱ्या खाली उतरल्यावर तो माणूस कबूल करायचा की आपण मोबाइलात बघत चाललो होतो. मग सर खूश होऊन त्याला चहा पाजायचे. चहा कावून पाजला, हे मात्र त्यांना विचारायची सोय नव्हती.

सर जाऊन आता दीड वर्ष झालं. घाटनांदूरच्या आमच्या शाळेत त्यांनी तीसेक वर्षं गणित शिकवलं. गाव त्यांना 'कावूनसर' म्हणायचं, तोंडावरसुद्धा. मूळचे परळीचे. त्यांच्या अब्बांचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि सरांचं खरं शिक्षण त्या दुकानात झालं, असं ते स्वतः सांगत. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे ते पोरांच्या सायकली उलट्या करून बसायचे. हाताला वंगण, खिशात खडू. "सर, चेन पडतीय" म्हटलं की पाना उचलायच्या आधी प्रश्न यायचा, "आधी काय झालं ते सांग. आवाज आधी यायला लागला का चेन आधी पडली?" अब्बा म्हणायचे, गिऱ्हाईक रोग सांगत नाही, रोगाचं नाव सांगतं, ते ऐकून पाना लावला की चांगला नट ढिला होतो. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली की सर 'अब्बा' म्हणाले की वर्ग पुढचं वाक्य पुरं करायचा.

मी त्यांची विद्यार्थिनी आणि नंतर त्यांच्याच शाळेत गणिताची बाई. त्यामुळे त्यांचा त्रास मी दोन्ही बाजूंनी भोगला.

पाचवीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी वर्गाला विचारलं, "आपल्या टेसनावर गाडी कावून येते?" मी हात वर केला आणि ठणकावून सांगितलं, "फाटक पडतंय म्हणून." अख्खा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "तपासू की," म्हणाले आणि आमची वरात घेऊन रेल्वेच्या फाटकावर गेले. फाटकवाले काका त्यांचे दोस्त. सरांनी गंभीरपणे विनंती केली, "गाडीची वेळ नसताना जरा फाटक पाडा. बघू गाडी येते का."

"सर, गाडी न्हाई येणार," काका म्हणाले. "पण साहेब येईल आन् माझी नोकरी जाईल."

मग आम्ही लिंबाच्या सावलीत तासभर बसलो. काकांच्या खोलीत फोन वाजला. काकांनी फाटक पाडलं. थोड्या वेळाने गाडी आली. सरांनी मला पुढं बोलावलं. "आता सांग, बेटा. फाटक आधी पडलं का न्हाई?" पडलं. "गाडी मागनं आली का न्हाई?" आली. "मग तुझं खरं का?" मी रडकुंडीला आले. पण मी हट्टी होते, विचार केला आणि म्हणाले, "फोन आला व्हता. गाडी तिकडनं निघाली म्हणून फोन आला आन् फाटक पडलं. आन् तिकडनं निघाली म्हणूनच हितं आली." सरांनी खिशातून खडू काढून मला बक्षीस दिला. "ध्यानात ठिवा रे. दोन गोष्टी एकामागं एक आल्या म्हणजे पहिलीनं दुसरी आणली असं नसतं. आधी काय झालं ते बघायचं, आन् मग फोन कुणाचा आला ते बघायचं."

पुढं गावात कुणी म्हणालं, अमक्या सुनेचा पायगुण वाईट, ती आली आणि विहीर आटली, की आम्ही पोरं मोठ्यानं विचारायचो, "फोन कुणाचा आला?" त्यासाठी मार खाल्लेला आहे.

मारावरून आठवलं, आणि खरं तर तेच सांगायला बसले आहे.

आमच्याकडे शाळेत पोर घालताना बाप मास्तरांना म्हणतो, "चमडी तुमची, हाडं आमची." म्हणजे सोलून काढा, फक्त हाडं मोडू नका. काही बाप बोलण्यावर थांबत नसत, छडीही सोबत आणत. चिंचेचा फोक, निगडीची काठी, जे घरी चालत असेल ते. दुसरे मास्तर ती छडी कपाटावर ठेवायचे. सर ती दोन्ही हातांनी घ्यायचे, बापाला खुर्ची द्यायचे आणि वहीचं पान फाडून पावती लिहायचे. "एक काठी मिळाली. परत मिळणार नाही. कारण विचारल्यास सांगण्यात येईल." खाली तारीख आणि सही. बाप बुचकळ्यात पडून पावती खिशात घालायचा. काठी शाळेच्या मागं जायची. तिथं सरांनी दोडका आणि घेवडा लावला होता आणि त्या वेलांना आधाराला गावातल्या सगळ्या बापांच्या काठ्या उभ्या होत्या. दोडके उतरले की ते पोरांना वाटायचे आणि बजावून सांगायचे, "घरी सांग, तुमच्याच काठीला लागलंय."

माझे आबा टेलर. बाजारात त्यांचं दुकान होतं. त्यांनी मला शाळेत घातलं तेव्हा पितळी टोकांचा लाकडी गज आणला, कापड मोजायचा. घरी मला तोच लागायचा. सरांनी गजाचीही पावती दिली. आबांनी आठ दिवसांत दुसरा गज विकत घेतला.

सरांची हजेरी घ्यायची एक पद्धत होती, ती शाळेत फक्त त्यांच्या वर्गाला ठाऊक. नाव पुकारलं की आम्ही 'हजर' म्हणायचो. पण पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "घरी मार पडला असंल त्या दिवशी 'हजर' म्हणू नका, 'जी' म्हणा. मी काय बी विचारणार न्हाई." खरंच काही विचारायचे नाहीत. एका जाड वहीत लाल ठिपका द्यायचे, त्या दिवशी त्या पोराला फळ्यापाशी बोलवायचे नाहीत आणि मधल्या सुट्टीत त्याच्या हातात हवा भरायचा पंप द्यायचे. मी सहावी-सातवीत इतक्यांदा 'जी' म्हटलं की शाळेतल्या सगळ्या सायकलींच्या चाकांत माझीच हवा होती. संध्याकाळी सर आबांच्या दुकानी शर्टाचं बटण लावायला यायचे आणि बटण लागेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत बसायचे. या माणसाची बटणं इतकी कशी तुटतात, याचं आबांना कायम नवल वाटायचं.

मी डॉक्टर व्हावं ही आबांची इच्छा. त्यासाठीच तर गज होता. बारावीनंतर बीडला क्लास लावले, खोली करून राहिले, दोनदा परीक्षा दिली. झाले नाही. बी.एस्सी., बी.एड. करून गावी परत आले आणि शाळेत लागले. हे दुःख मी कुणाला सांगितलं नाही, पण ते आत कुठंतरी बसलेलं होतं. माझ्या डोक्यात काहीतरी होतं आणि ते कुणीतरी गजानं मारून काढलं, असं मला वाटायचं.

तोवर सर निवृत्त झाले होते, पण रोज दहा वाजता यायचेच. वेलांना पाणी घालायला, सायकली बघायला. स्टाफरूमच्या दारातली खुर्ची त्यांची. त्यांना येऊ नका म्हणायची हिंमत कुणाची नव्हती, आणि म्हटलं असतं तर त्यांनी 'कावून' विचारलं असतं.

आमचे हेडमास्तर भला माणूस, पण घाईचा. एकदा बीडहून प्रशिक्षण घेऊन आले ते मोबाइलात एक लेख घेऊन. परदेशात पुष्कळ मुलांचा अभ्यास झालाय म्हणे, ज्या मुलांना घरी मारतात त्यांची बुद्धी मोजली तर कमी भरते. मी तो लेख त्यांच्याकडून मागून घेतला आणि घरी तीनदा वाचला. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. इतकी वर्षं मनात असलेली माझी फिर्याद कुणीतरी शहाण्या माणसांनी छापली होती. मी डॉक्टर झाले नाही ते का, हे शेवटी सिद्ध झालं होतं.

हेडमास्तरांनी त्यावरून एक फॉर्म काढला. आठवीतल्या हुशार मुलांसाठी सकाळचा शिष्यवृत्तीचा निवडक वर्ग सुरू करायचा होता, जागा थोड्या. फॉर्मात एक रकाना होता, 'पाल्यास घरी मारहाण होते काय? होय/नाही.' ज्यांचं 'होय', त्यांना निवडक वर्गात घ्यायचं नाही. बुद्धी आधीच खर्ची पडलेल्या मुलांवर मेहनत कशाला, असं त्यांचं म्हणणं. वर्गशिक्षिका मी. फॉर्म माझ्याकडे आले. जवळपास सगळे 'नाही'. खाली बापाच्या सह्या होत्या, बाप कशाला 'होय' लिहू देईल? एकच फॉर्म 'होय' होता, मुक्ताचा. तिच्या घरी सही करणारं कुणी नव्हतं, आईचा अंगठा होता. पोरीनं स्वतः वाचलं आणि खरं ते लिहिलं.

मुक्ताचे आईबाप ऊस तोडायला जाणारे. दिवाळीनंतर कारखान्यावर, ते अक्षय तृतीयेच्या सुमाराला परत. तिची आई मला शाळेच्या गेटात भेटून गेली होती. "बाई, सकाळच्या वर्गात नाव लागलं तर पोरगी म्हातारीपाशी ठिवते. न्हाईतर यंदा बी फडावरच न्यावी लागंल. धाकटं लेकरू कोण बघंल?" म्हणजे प्रश्न शिष्यवृत्तीचा नव्हता. त्या यादीत नाव असेल तर मुक्ता वर्षभर शाळेत बसणार होती, नसेल तर पाचटाच्या खोपीत.

आणि मी तिचं नाव यादीतून काढलं. पाच वर्षं 'जी' म्हटलेली मी. वाईट वाटलं, पण वाईट वाटतानाही आपण शास्त्राला धरून वागतोय असं समाधान होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये हेडमास्तरांनी यादी वाचली आणि कारणही सांगितलं. सर दारात बसले होते, बादली पायाशी.

"कावून?" सर म्हणाले.

हेडमास्तरांनी लेख पुढं केला. सरांनी तो सावकाश वाचला, परत मागं जाऊन वाचला. "मोठी माणसं हायती, मेहनत केलीय," ते म्हणाले. "पण त्यांनी सांगितलं, मार आन् कमी बुद्धी एका घरात दिसली. कुणी कुणाला आणली ते सांगणं अवघड हाय, असं बी त्यांनीच खाली लिहिलंय. तेवढं सोडून तुमी बाकीचं घेतलं. अहो, मारल्यानं पोरगं ढ झालं का ढ म्हणून मार पडला? आधी काय झालं?"

"सर, आता तुमचा काळ राहिला नाही," हेडमास्तर चिडून म्हणाले. "संशोधन आहे ते."

"मग ही पोरगी सांगा. दिवाळीपास्नं उन्हाळ्यापातूर फडावर. शाळा बुडते, मागं पडते. तिची आई पहाटंपास्नं मोळ्या वाहती, लेकरू रडतं, मग हात उठतो. मागं पडणं बी तिथनंच आलं, मार बी तिथनंच आला. फोन कुणाचा आला, हेडमास्तर? आन् तुमी म्हणता, तिला वर्गात घेऊ नका, परत फडावर पाठवा. वा! फाटक पाडून गाडी आणायला निघाले तुमी!"

आमचे विज्ञानाचे मास्तर, तेही सरांचेच विद्यार्थी, मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे सर, मारानं बुद्धी कमी होते हे काही सिद्ध नाही. मग दोन फटके द्यायला हरकत नाही. मी तेच म्हणत होतो."

सर त्यांच्याकडे वळले. "फाटकामुळं गाडी येत न्हाई हे कळलं म्हणून रुळावर मान ठिवतो का बे?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझं डोकं तापलं होतं. इतकी वर्षं मी यांना 'जी' म्हटलं, यांनी ठिपके मोजले, आणि आज माझ्या बाजूने बोलणारा एकुलता एक कागद हेच फाडायला निघाले होते. मी उभी राहिले आणि ओरडले, "सर, तुमी मार खाल्ला न्हाई, मी खाल्लाय! माझं काय गेलं ते मला म्हाईत हाय. तुमाला काय म्हाईत?"

सरांनी बादली उचलली. "उद्या घरी ये," एवढंच म्हणाले.

रविवारी गेले. स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत ते राहायचे. त्यांनी ती जाड वही काढून ठेवली होती. ठिपक्यांची. मला वाटायचं त्यात नुसते ठिपके असतील. पण सरांनी प्रत्येक पोराला पान दिलं होतं आणि प्रत्येक ओळीला तारीख होती. दर आठवड्याला दहा तोंडी हिशेब आणि दहा फळ्यावरून उतरवलेले, त्यांचा निकाल. मधूनमधून लाल ठिपके आणि बारीक अक्षरात शेरे. माझं पान मी वाचू लागले.

पाचवी: तोंडी सगळे बरोबर, वहीतले सगळे बरोबर. ठिपका क्वचित, मला आठवलं, तो परकरावर शाई सांडल्याच्या माराचा. सहावीचा पावसाळा: तोंडी सगळे बरोबर. वहीतले चार चूक. 'आकडेच चुकीचे उतरवते.' पुढचा आठवडा: तोंडी सगळे बरोबर. वहीतले सहा चूक. 'पहिल्या बाकावर बसवली. सुधारली. डोळे?' त्यानंतर घटक चाचणीत नापास. आणि त्यानंतर लाल ठिपका. लाल ठिपका. लाल ठिपका. 'बापाला भेटलो, बटण. डोळे दाखवा म्हणालो. मुलीला चष्मा लागला तर लग्न अडेल म्हणाला.' ठिपका. 'दुकानात दुसरा गज दिसला. माझी चूक. मला वाटलं गज घेतला की मार जाईल. मार गजात नव्हता.' पुढं सातवी: 'आईबरोबर अंबाजोगाईला पाठवली. चष्मा.' त्यानंतर तोंडी सगळे बरोबर, वहीतले सगळे बरोबर. आणि ठिपका. सगळे बरोबर. ठिपका. पान संपेपर्यंत असंच.

"आधी काय झालं?" सरांनी हळूच विचारलं.

"मार्क आधी पडले," मी म्हणाले.

"फोन?"

"डोळ्यांचा."

"चष्मा आल्यावर मार्क वर गेले, मार तिथंच राहिला. तुझ्या पानावरनं एवढं दिसतं. एका पोरीचं पान हाय हे, जगाचा कायदा न्हाई. ह्याच वहीत उलटी पानं बी हायती. आधी ठिपके, मग मार्क गेले. मार बुद्धी खात असंल बी, नसंल बी. मला तीस वर्षांत छातीठोकपणे सांगता आलं न्हाई."

मला आनंद व्हायला हवा होता. बुद्धी शाबूत होती. पण मला राग आला. "मग माझं गेलं काय, सर? काहीच गेलं नसंल तर मी कशाची तक्रार करू? आबांना काय म्हणू? तुमी मारलं ते मारलं, माझं काय बिघडलं न्हाई, असं?"

सरांनी वही मिटली. मग त्यांनी विचारलं, "उद्या कुणी शोध लावला, मार खाल्ल्यानं बुद्धी वाढती. पक्का शोध, माझ्या बी कावूनला पुरून उरंल असा. तू तुझ्या वर्गातल्या पोरांना मारशील?"

"न्हाई."

"कावून?"

आयुष्यात पहिल्यांदाच सरांनी उत्तराची वाट बघितली नाही. "घाई न्हाई. सापडलं की सांग," म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

परत येताना बाजारातून वाट होती. आबा मशिनीवर बसले होते, आता डोळ्यांना त्यांच्याही चष्मा होता. दुसरा गज भिंतीला टेकलेला. मी दुकानात शिरले आणि काही ठरवलेलं नसताना बोलले, "आबा, तुमी मला मारायचे."

आबांचा पाय थांबला नाही. "मारलं म्हणून तर मास्तरीण झालीस," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पाहुण्यारावळ्यांत शंभरदा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी मान खाली घातली होती.

"आधी काय झालं, आबा?" मी म्हणाले. "चष्मा आला, मग मी पास व्हायला लागले. मार तर आधी बी व्हता, मागनं बी व्हता." त्यांनी कापड पुढं सरकवलं. "आन् समजा तुमचंच खरं. समजा तुमच्या मारानंच मी मास्तरीण झाले. तरी सांगते. दुखायचं."

मशीन थांबली. आबांनी सुईखालचं कापड उगाचच सरळ केलं. मग त्यांनी विचारलं, "लई?"

"लई," मी म्हणाले आणि घरी गेले. रडले वगैरे नाही. अंगातला ताप उतरल्यासारखं वाटत होतं, एवढं खरं.

सोमवारी मी एक कोरा फॉर्म घेतला. नावाच्या जागी माझं नाव लिहिलं. 'पाल्यास घरी मारहाण होते काय?' पुढं 'होय' लिहिलं. खाली शेरा दिला, 'सदर विद्यार्थिनी सध्या याच शाळेत आठवीला गणित शिकवते. बुद्धी खर्ची पडलेली असल्यास वर्गावरून कमी करावे. अन्यथा मुक्ताचे नाव यादीत घ्यावे.' फॉर्म हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि समोर उभी राहिले.

"बाई, हे काय?"

"फॉर्म, सर. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे."

त्यांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं आता मेमो मिळणार, आणि मिळाला असता तर मी तो चौकटीत घालून भिंतीला लावला असता. पण ते दाराकडे बघत बारीक आवाजात म्हणाले, "असं बघायला गेलं तर बाई, माझंही 'होय'च आहे." बुधवारी नवी यादी लागली. रकाना गेला होता आणि मुक्ताचं नाव होतं.

मुक्ताला शिष्यवृत्ती मिळाली नाही. थोडक्यात हुकली. पण ती दिवाळीत फडावर गेली नाही, आजीपाशी राहिली, आणि यंदा अंबाजोगाईला बारावीला आहे. दहावीला तिला बरे मार्क पडले तेव्हा मी उड्या मारत सरांकडे गेले होते, "बघा सर, सिद्ध झालं!" तर म्हणाले, "काय सिद्ध झालं? एक पोरगी पास झाली. पेढे दे, सिद्धता नको." पेढे मात्र दोन घेतले.

पण शेवटी सांगायचं आहे ते त्या फॉर्मच्याच आठवड्यातलं, शुक्रवारचं. मधली सुट्टी होती. सर वेलांपाशी एक काठी रोवत होते, मी शेजारी घेवडा तोडत होते. गेटातून आबा येताना दिसले. मला शाळेत घातल्यानंतर ते शाळेत आलेच नव्हते, बाई म्हणून लागल्यावरही नाही. त्यांच्या हातात गज होता. दुसरा. मी उठले तर त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ सरांसमोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी गज पुढं केला.

"सर, हा बी ठिवून घ्या."

"कावून?" सर म्हणाले. सवयीनंच म्हणाले.

आबांचा बाजारात दबदबा. गिऱ्हाइकानं भाव का वाढवला विचारलं तरी ते कापड परत करणारे. कुणाच्या 'का'ला त्यांनी कधी उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

"पोरीला दुखायचं म्हणून," आबा म्हणाले.

मी सरांकडे बघत राहिले. 'म्हणून' आल्यावर त्यांचा दुसरा कावून यायलाच हवा होता, तीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता. सरांनी गज घेतला, दारातली आपली खुर्ची आणून आबांना मातीच्या हातानं पुसून दिली, वहीचं पान फाडलं आणि तारीख टाकून पावती लिहायला लागले.